मोटारसायकलला आरपीएम मीटर बसविताना

आमच्या संस्थेच्या अभ्यासिकेत येणाऱ्या बऱ्याच मुलांकडे आता मोटारसायकल आहे. कोणाकडे वडिलांची जुनी, तर कोणाकडे हप्त्यावर घेतलेली नवी. त्यांच्यापैकी तीन-चार जणांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "काकाजी, गाडीला आरपीएम मीटर लावायचा आहे. वायर कोठून घ्यायची?"

हा प्रश्न आम्हांला का, असे कोणास वाटेल. आम्ही कला शाखेचे पदवीधर व बँकेतील कारकून. पाना-पक्कड हे आमचे क्षेत्र नव्हे. परंतु आमच्या घरच्या गाडीवर हा प्रयोग झाला, त्यात दोन चुका झाल्या, आणि त्यांपैकी एक जिवावर बेतणारी होती. त्या चुका इतरांनी पुन्हा करू नयेत, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ही माहिती सभासद व विद्यार्थी मित्रांसमोर ठेवीत आहोत.

मीटर काय मोजतो?

आरपीएम मीटरला टॅकोमीटर असेही म्हणतात. स्पीडोमीटर चाकाचा वेग दाखवितो, तर टॅकोमीटर इंजिनाच्या क्रँकशाफ्टचे एका मिनिटात किती फेरे होतात ते दाखवितो. तबकडीवर १, २, ३ असे अंक असतात आणि त्यांना हजाराने गुणायचे असते. सुई ५ वर असेल तर इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत आहे असे समजावे.

यंत्राचे फेरे मोजण्याची खटपट जुनी आहे. जर्मन अभियंता डीड्रिख उलहॉर्न याने १८१७ साली असे उपकरण तयार केले होते. मोटारसायकलवरील जुने टॅकोमीटर स्पीडोमीटरप्रमाणेच केबलने चालत. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या राजदूत ३५० या गाडीला स्पीडोमीटरच्या शेजारी टॅकोमीटर होता, हे त्या काळच्या हौशी लोकांना आठवत असेल. आता बाजारात मिळणारे मीटर मात्र विजेवर चालतात. प्लगला ठिणगी मिळते तेव्हा वायरीतून विजेचा एक ठोका जातो. मीटर हे ठोके मोजतो आणि त्यावरून फेऱ्यांचा आकडा काढतो.

येथे मुद्दा लक्षात घ्यावा. मीटर प्रत्यक्षात फेरे मोजतच नाही, तो ठोके मोजतो. एका फेऱ्याला किती ठोके धरायचे हे त्याला आपण सांगायचे असते. चुकीचे सांगितले तर सुई हलते, दिवा लागतो, सारे ठीक दिसते, परंतु आकडा खोटा असतो.

पहिली चूक : रंगाला रंग

२०१९ सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. आमच्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे राहत होता. घरी जुनी हिरो होंडा स्प्लेंडर होती. त्याने नागपूरहून एक मीटर आणला आणि एका रविवारी दुपारी आमच्या अपरोक्ष बसविला. मीटरला लाल, काळी व हिरवी अशा तीन वायरी होत्या. हेडलाइटच्या डोक्यात पाहिले तर तेथेही लाल, काळी व हिरवी वायर. त्याने लालला लाल, काळीला काळी व हिरवीला हिरवी जोडून टेप गुंडाळली. मीटरसोबतचा बारीक अक्षरांचा कागद वाचलाच नाही.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला. म्हणाला, "मामाजी, अजबच होऊन राहिलं. किल्ली चालू केली का मीटर विझतो, अन् बंद केली का मिणमिण लागतो."

आम्ही म्हणालो, "राहू दे, उद्या मिस्त्रीला दाखवू."

तो उद्या येण्यापूर्वीच प्रसंग ओढवला. मीटर रात्रभर मिणमिणत राहिला आणि जुनी बॅटरी पहाटेपर्यंत उतरली. या गाडीची ठिणगी मॅग्नेटवरून तयार होत असल्याने किक मारताच ती सुरू झाली व भाच्याला काही कळले नाही. हेडलाइटही मॅग्नेटवरचा, तोही लागला. परंतु हॉर्न आणि ब्रेकचा दिवा बॅटरीवर चालणारे होते, ते दोन्ही बंद. छिंदवाडा रोडवर धुके होते. पुढे जनावर आडवे आले म्हणून त्याने ब्रेक दाबला. मागून येणाऱ्या ट्रकला लाल दिवा दिसलाच नाही. ट्रकवाल्याने ऐनवेळी गाडी बाजूला काढली म्हणून मुलगा घरी परत आला. त्या दिवशी त्याच्या आईला फोन करण्याची हिंमत आम्हांला झाली नाही.

असे का झाले?

आमच्या शेजारी वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक इलेक्ट्रिशियन राहतात. त्यांनी गाडी पाहिली आणि कागदावर चित्र काढून उलगडा केला.

होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये लाल वायर थेट बॅटरीच्या धन टोकाची असते. काळी वायर ही किल्ली चालू केल्यावर करंट येणारी, म्हणजे तीही धनच. हिरवी ही अर्थिंगची. याउलट आमच्या मीटरची लाल वायर धन, काळी अर्थिंगची आणि हिरवी ठोके मोजण्याची होती.

रंगाला रंग जोडल्यामुळे किल्ली चालू असताना मीटरच्या दोन्ही टोकांना धन करंट मिळे. दोन्ही बाजूंना दाब सारखा असला की प्रवाह वाहत नाही, म्हणून मीटर विझे. किल्ली बंद केली की काळ्या वायरीवरचा दाब जाई. मग बॅटरीचा करंट लाल वायरीने मीटरमध्ये शिरे, काळ्या वायरीने बाहेर पडे, न्यूट्रलच्या दिव्यातून अर्थिंगला जाई आणि बॅटरी हळूहळू रिकामी होई. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असल्याने ती वाट रात्रभर उघडी होती. ठोक्यांची हिरवी वायर तर अर्थिंगलाच बांधलेली, मग सुई हलणार कशी?

काकाजींनी त्याला एवढेच सांगितले, "बेटा, वायरीचा रंग पाहू नको, तिच्यात काय वाहते ते पाहा." नंतर जोडणी अशी झाली : मीटरची लाल गाडीच्या काळीला, मीटरची काळी गाडीच्या हिरवीला, आणि मीटरची हिरवी गाडीच्या कोणत्याच वायरीला नाही. तिचे काय करायचे ते कागदावर लिहिलेले होते. स्पार्क प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरीवर तिचे चार-पाच वेढे द्यायचे व टोक उघडे राहू न देता टेपने बंद करायचे. ठिणगीच्या वेळी जाड वायरीत उठणारा ठोका वेढ्यांना न शिवताच कळतो.

दुसरी चूक : अंक

आता सुई हलू लागली. गाडी स्टँडवर थंड पडत्या आवाजात चालू असताना सुई ७०० वर उभी राहिली. स्प्लेंडरची आयडलिंग गती सुमारे १,४०० असावी, हे भाच्याने वाचलेले होते. त्याने कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळून सुई १,४०० वर आणली व समाधानाने हात पुसले. परंतु इंजिन उभ्या जागी ओरडू लागले. पेट्रोल जास्त जाऊ लागले आणि पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येऊ लागला.

बँकेत आम्ही रोज कॅश टॅली करतो. खतावणी व रोकड जुळत नसेल तर खतावणीला बरोबर मानून रोकड वाढवीत नाही. आधी चूक कोठे आहे ते शोधतो. भाच्याने मात्र मीटरला बरोबर मानून इंजिनालाच त्याच्याशी जुळवून घेतले होते.

चूक मीटरच्या मागील बाजूस असलेल्या छोट्या स्विचमध्ये होती. त्यावर १, २ व ४ असे अंक होते. हे अंक सिलिंडरचे. स्विच दुकानातून आला तसाच ४ वर होता.

येथे थोडे गणित आहे, ते विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते. चार सिलिंडर असतील तर दोन फेऱ्यांत चार ठिणग्या, म्हणजे एका फेऱ्याला २ ठोके. दोन सिलिंडरना एका फेऱ्याला १ ठोका आणि एका सिलिंडरला अर्धा ठोका. स्विचवरील अंक हा हिशेब धरून असतात.

मग आपली गाडी एका सिलिंडरची, तेव्हा स्विच १ वर ठेवावा, असे कोणीही म्हणेल. आणि येथेच फसगत होते. स्प्लेंडरसारख्या मॅग्नेट-सीडीआय गाडीत ठिणगीचा इशारा क्रँकशाफ्टवरून मिळतो, म्हणून ती दर फेऱ्याला ठिणगी टाकते. एक ठिणगी कामाची व दुसरी धूर बाहेर जाताना वाया जाणारी. मीटरला वाया गेलेली ठिणगीही ठोकाच. म्हणजे एका फेऱ्याला १ ठोका. सबब स्विच २ वर हवा. ४ वर ठेवल्यास १,४०० चे ७०० दिसतात आणि १ वर ठेवल्यास २,८०० दिसतात.

टू-स्ट्रोक एका सिलिंडरच्या गाडीतही दर फेऱ्याला ठिणगी असते, म्हणून तिलाही हाच हिशेब लागू पडतो. जुन्या पॉइंटच्या बुलेटमध्ये मात्र पॉइंट उघडणारा कॅम इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. तेथे दोन फेऱ्यांत एकच ठोका, म्हणून स्विच १ वर. काही मीटरवर सिलिंडरऐवजी एका फेऱ्याचे ठोकेच ०.५, १, २ असे लिहिलेले असतात. अंक कशाचे आहेत हे कागदावर पाहावे.

कोराडीचे घड्याळ

स्विच २ वर केला आणि स्क्रू पूर्ववत केला. तरी भाच्याने रास्त प्रश्न विचारला, "आता तरी आकडा खरा, हे कशावरून?"

काकाजी हसले आणि चिमणीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथून."

कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. पुढे संच वाढत गेले व अलीकडे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच उभे राहिले. संच लहान असो वा मोठा, त्याच्या जनित्राला दोन ध्रुव असतात आणि त्याला मिनिटाला ३,००० फेरेच घ्यावे लागतात. ३,००० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. आपल्या घरच्या विजेचे ५० हर्ट्झ ते हेच. ही वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या दरम्यान राखावी, असा सध्या ग्रिडचा दंडक आहे. त्याचे फेरे केले तर २,९९४ ते ३,००३ येतात. एवढा अचूक माप घराघरांत पोचलेला असताना दुसरे माप शोधायचे कशाला?

काकाजींनी मीटर गाडीवरून काढला, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालू केला आणि ठोक्यांच्या वायरीला १२ व्होल्टच्या छोट्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरमधील एसी करंट मोठ्या रेझिस्टन्समधून दिला. सेकंदाला ५० ठोके म्हणजे मिनिटाला ३,०००. स्विच ४ वर असताना सुई १,५०० वर थांबली, १ वर ६,००० वर गेली आणि २ वर बरोबर ३,००० वर उभी राहिली. वीज केंद्रात जे चाक फिरत होते, त्याचे फेरे आमच्या अंगणातील सुईने दाखविले. भाचा कितीतरी वेळ स्विच मागे-पुढे करून पाहत होता.

हा प्रयोग जाणकाराच्या हातूनच करवावा. घरातील २३० व्होल्टचा करंट मीटरला थेट कधीही देऊ नये, जीव जाईल.

ज्यांना हे शक्य नाही त्यांनी हिशेबाने पडताळा घ्यावा. टायरवर खडूने खूण करून गाडी एक फेरा ढकलावी व जमिनीवरील अंतर मोजावे. समजा ते १.८५ मीटर भरले. ताशी ५० किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ८३३ मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ४५० फेरे. वरच्या गिअरमध्ये इंजिन व चाक यांचे एकूण गुणोत्तर गाडीच्या पुस्तकात मिळते. ते १२ आहे असे धरल्यास इंजिनाचे फेरे ४५० गुणिले १२, म्हणजे ५,४०० व्हावेत. मीटर २,७०० किंवा १०,८०० दाखवीत असेल तर स्विच चुकला आहे. आकडा वाचण्याचे काम चालकाने करू नये, मोकळ्या रस्त्यावर मागे बसलेल्याने करावे.

बसविण्याचा क्रम

१. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडावे. मीटरचा कागद पूर्ण वाचावा, समजत नसेल तर वाचून घ्यावा.

२. मीटर १२ व्होल्टचा असेल तर गाडीही १२ व्होल्टची आहे ना, ते पाहावे. काही जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत.

३. मीटर अशा जागी बसवावा की स्पीडोमीटर व इशाऱ्याचे दिवे झाकले जाणार नाहीत. स्पीडोमीटर काढून त्याच्या जागी हा लावणे नियमात बसत नाही.

४. करंट घेण्याची वायर टेस्ट लॅम्पने शोधावी. त्यासाठी तेवढ्यापुरती बॅटरी जोडावी. किल्ली चालू केल्यावर लागणारा आणि बंद केल्यावर विझणारा दिवा ज्या वायरीवर मिळेल तीच आपली. हेडलाइटच्या वायरीवरून करंट घेऊ नये, पुष्कळ जुन्या गाड्यांत तेथे मॅग्नेटवरून येणारा एसी असतो.

५. या वायरीत एक अँपिअरचा छोटा फ्यूज घालावा. मीटर बिघडला तरी हॉर्न व ब्रेकचा दिवा शाबूत राहिले पाहिजेत.

६. ठोक्यांची वायर कागदावर सांगितल्याप्रमाणेच जोडावी. सीडीआय गाडीत कॉइलकडे जाणारा ठोका दोनशे व्होल्टांहून अधिक असतो. त्यासाठी न बनविलेला मीटर तेथे जोडल्यास तो जळून जातो.

७. सांधे डाग देऊन त्यावर श्रिंक ट्यूब चढवावी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. साध्या टेपचा गोंद पाघळतो आणि सांधा उघडा पडतो.

८. हँडल डावीकडे व उजवीकडे पूर्ण वळवून वायर ताणत नाही व ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये अडकत नाही, याची खात्री करावी. इंजिन व सायलेन्सरपासून ती दूर बांधावी.

९. शेवटी हॉर्न, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर एकेक करून तपासावे. किल्ली काढल्यावर मीटर पूर्ण विझतो का, हे अंधारात पाहावे. हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यानंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयू व सेन्सर असतात. त्यांच्या वायरी घरी कापू नयेत. इंजिन बिघडू शकते आणि वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

मग उपयोग काय?

मीटर लावल्याने गाडीची ताकद वाढत नाही. सुई किती वर जाते हे पाहण्यासाठी तो लावणार असाल, तर पैसे वाचवावेत. परंतु शिकणाऱ्याला त्याचा फायदा आहे. कोणत्या गिअरला इंजिन गुदमरते व कोठे उगाच ओरडते हे डोळ्यांना दिसते. आयडलिंग अंदाजाने न लावता आकड्याने लावता येते. चढावर सुई वर गेली पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे हे मिस्त्रीने सांगण्यापूर्वीच कळते.

आमचा भाचा आता नोकरीला लागला आहे. ती गाडी आमच्याकडेच आहे आणि मीटरही चालू आहे. परंतु रोज निघताना आम्ही सुईकडे नंतर पाहतो, आधी ब्रेक दाबून मागे भिंतीवर लाल उजेड पडतो की नाही ते पाहतो. अभ्यासिकेतील मुलांनीही तेवढी सवय लावून घ्यावी. आणि मीटर आणलाच असेल तर कागद घेऊन रविवारी या, काकाजींचा ट्रान्सफॉर्मर अजून आमच्या फळीवरच ठेवलेला आहे.